सुक्या खिंडीतलं घर

बस की रं पोपट! किती डाव उठशील? गॅस बंद हाय. नळ बंद हाय. कुलूप तू ओढून बघितलंस, तुझ्या बायकूनं ओढून बघितलं, आन् माझा हात धड खांद्याच्या वर जात न्हाई, तरी मी बी ओढून बघितलं. आता टेम्पो येस्तवर गप कट्ट्यावर बसायचं. देवाला निघालोय आपण. एकदा उंबऱ्याच्या भाईर पाऊल टाकलं की माघारी फिरायचं न्हाई.

का म्हणून इच्यारतीस, संगे? नुसतं ह्या म्हाताऱ्या नानाचं खूळ वाटतंय व्हय तुला?

बरं. सांगतो मंग. पण ती शाल अंगावर घे, वारं सुटलंय. आन् ती बारकी पोरं मधी घ्या, कडंला बसवू नका. हां. ऐका.

ही गोष्ट केरबा कुंभाराची. खालच्या आळीला आता दुधाची डेअरी झालीया का न्हाई, तितं त्येचं घर व्हतं. माझं आन् त्येचं घर पाठीला पाठ. केरबाकाका म्हणजे गरीब माणूस, आवाज चढवून बोलल्याला कधी कुणी ऐकला न्हाई. पण एका बाबतीत लई भित्रा. इस्तवाला! कुंभार असून इस्तवाला भ्यायचा. त्येच्या बापाच्या येळंला मडकी भाजायचा आवा भडकला व्हता, वाऱ्यानं ठिणगी उडाली आन् आख्खी आळी जळाली. एक म्हातारी आत कोंडून मेली. केरबानं ते लहानपणी डोळ्यांनी बघितल्यालं. तवापासनं झोपायच्या आधी चुलीत हात घालून राख चाचपायचा. बायकू हसायची त्येला.

बायकू म्हणजे अनशीकाकू. ती मातुर खमकी. कशाला भ्यायची न्हाई. एकच लेक त्येंना, हौसा. सुक्या खिंडीच्या पल्याड कारंडवाडीला दिल्याली. पहिलं बाळ पोटातच गेलं व्हतं तिचं. आता दुसऱ्यांदा दिवस राह्यल्यालं. अनशीकाकू दोनदा आणायला गेली, पण सासरच्यांनी धाडली न्हाई. म्हणलं, हिला चालवत न्हेऊ नका, गाडीचं हिसकं बसू देऊ नका, हितंच बाळतीण होऊ द्या. त्येंचं बी खरंच व्हतं म्हणा.

आन् एक दिवस सांजंला, दिवं लागायच्या टायमाला, हौसाचा दीर दारात हुबा राह्यला. घामानं निथळत व्हता. पाणी सुदिक घेतलं न्हाई त्येनं.

"वयनीला कळा सुटल्यात. दुपारपासनं. आईला बलवा, आईला बलवा, एवढंच चाललंय. तुमी निघा. मला पुढं वडगावला मामाकडं निरोप द्यायला जायाचंय."

एवढं बोलून गेला बी.

आता बघा. घर म्हणजे काय, उठलं आन् निघालं असं असतंय का? बाळंतपणाला जायाचं म्हणजे सव्वा म्हैना मुक्काम. मागं घरात कोण न्हाई. तवा आजच्यागत न्हवतं, बटण दाबलं आन् निघालं. अनशीकाकूनं पदर खवला आन् लागली कामाला. दुधादह्याचं गाडगं शेजारच्या तानीला दिलं. कोंबड्या डालग्यात घालून तानीच्याच वट्यावर ठेवल्या. गाढव तिच्याच दावणीला बांधलं. कणगीचं तोंड शेणामातीनं लिपून घेतलं. जात्याची वरची तळी उचलून भितीला उभी केली, त्येच्यावर फडकं टाकलं. तिकडं केरबानं चाक खुंटीवरनं उतरवून भितीला टेकवलं, मळल्याल्या मातीवर वलं गोणपाट घातलं, वर दगूड ठेवला. चुलीत काकूनं तांब्यानं पाणी वतलं. फस्स झालं, राख निवली. तरी केरबानं मागनं येऊन चुलीत हात घातला. आवा चार दिसांमागंच उपसला व्हता, त्यो बी जाऊन चाचपला.

"आवं, चला की!" काकू वरडली. "पोर तिकडं वाट बघतीया."

सगळ्यात शेवटी काकूनं देवापुढं समई लावली. शेजारी पाण्यानं भरल्याली घागर ठेवली. आन् हात जोडून म्हणली, "आमी लेकीकडं जातोय. घर तुझ्यावर हाय." मंग दार वढलं. कडी घातली, कुलूप लावलं, भाईरनं बोराटीचं काटेरी शिरं दारात आडवं वढलं. कुत्री शिरायला नगत म्हणून. किल्ली केरबानं करगोट्याला बांधली.

म्हणजे काय राह्यलं व्हतं का? तुमीच सांगा. काय सुदिक न्हाई!

तानीची सासू वट्यावर बसल्याली. ती म्हणली, "केरबा, सडकंनं जा बाबा. रातीचं खिंडीतनं नको."

केरबानं बायकूकडं बघितलं. सडकंनं म्हणजे नदीला वळसा, उजाडलं असतं. आन् खिंडीतनं गेलं तर जेवणवक्ताच्या आसपास कारंडवाडीत.

काकू म्हणली, "आत्याबाई, उजाडस्तवर माझ्या पोरीचं काय हुईल?"

 

आन् निघाली दोघं. काकूच्या डोक्यावर गठुडं. त्यात बाळाची दुपटी, डिंक, बाळंतशेपा, असलं. केरबाच्या हातात कंदील.

अंधार पडला. शीव आली. गावाची शीव म्हणजे ती तीन दगडं हाईत न्हवं, शेंदूर लावल्याली, तितं. त्या दगडावर एक माणूस बसल्याला. डोक्यावरनं घोंगडं घेतल्यालं. चिलीम वढत व्हता. केरबाला वाटलं असंल कोण तरी मेंढक्या.

त्यो माणूस वर न बघताच म्हणला, "कुंभारदादा, घर बंद करून निघालासा?"

"व्हय."

"मंग तुमच्या आळीकडं लाल कशाचं दिसतंय?"

केरबानं वळून बघितलं.  खालच्या आळीच्या अंगाला, झाडांच्या वर, तांबडं तांबडं दिसत व्हतं. आन् धुराची बारीक रेघ.

"अनशे, तू हितंच थांब. आलोच मी!" असं म्हणला आन् कंदील तिच्या हातात देऊन सुटला पळत. ठेचा लागल्या, पटका सुटला, कशाची शुद्ध न्हाई. आळीत आला.

काय न्हवतं. आळी गपगार. घर अंधारात शांत. काटं बाजूला केलं, कुलूप काढलं, आत गेला, चुलीत हात घातला. राख गारढोण. मागं जाऊन आव्यात हात घातला. त्यो बी गार. समई तेवढी देवापुढं मिणमिणत व्हती. केरबाचा जीव भांड्यात पडला. पुन्यांदा कुलूप, पुन्यांदा काटं, आन् आला शिवंवर.

काकू हुबीच.

"काय झालं वं? असं अर्ध्यातनं का पळाला?"

"अगं त्यो माणूस म्हणला न्हवं का…"

"कुठला माणूस?"

केरबानं दगडाकडं बघितलं. दगडावर कोण न्हवतं.

काकू म्हणली, "तुमी शिवंवर थांबला, एकटंच 'व्हय' म्हणला, आन् पळाला. मला वाटलं, काय इसरलं असंल."

आता शाणा माणूस तितंनंच माघारी फिरला असता. सडकंला लागला असता. पण तिकडं पोरगी कळा देतीया. काकू पुढं चालायला लागली बी. केरबा काय करणार? गेला तिच्या मागं.

खिंडीची चढण लागली. तुमी दिसाची बघितलीया ती. दोन्ही अंगाला खडक, मधी पाऊलवाट, पळसाची झाडं. रातीला मातुर तितं आवाज अडकतुया. आपल्याच पावलांचा आवाज मागनं येतोय असं वाटतंय. दोघं गपगप चालली व्हती. आन् अर्ध्या चढणीवर मागनं हाक आली.

"केरबाभावजी!"

तानी! तानीचाच आवाज. हुबेहूब.

"केरबाभावजी, दार उघडं राह्यलंय! कुत्री शिरल्यात घरात!"

ह्या डावाला काकूनं बी ऐकलं. तिनं झट्दिशी नवऱ्याचं मनगट धरलं. हळूच म्हणली, "वो देऊ नका. तिसरी हाक येऊ द्या. माणूस असंल तर तिसरी हाक मारंल."

हुबी राह्यली. ऐकत राह्यली. रातकिडं सुदिक बंद झालं. पण तिसरी हाक काय आली न्हाई.

त्येच्या जागी काय आलं ठावं हाय? दाराचा आवाज! धाड… धाड… वाऱ्यानं दार आपटावं तसा. आन् ते कुणाचं बी दार न्हवं. केरबाच्या दाराची खालची बिजागरी सैल व्हती, आपटलं की शेवटाला किर्रर्र करायचं. धाड… किर्रर्र. धाड… किर्रर्र. आपल्या दाराचा आवाज माणूस वळखतो का न्हाई? आईच्या खोकल्यागत वळखतो!

"मी कुलूप लावलं व्हतं का गं, मघाशी?"

"लावलं असंल की."

"पण मी पळत सुटलो व्हतो… घाईत व्हतो…"

"आवं, असू द्या उघडं! कुत्री काय घर न्हेत न्हाईत. चला!"

"समई हाय आत. कुत्र्यानं समई पाडली तर?"

बास. त्या एका वाक्यावर काकूनं त्येचं मनगट सोडलं. कारण समई तिनंच लावल्याली. केरबा म्हणला, "मी आत्ता येतो," आन् उतराय लागला.

आन् हितं बघा काय झालं. मला केरबाकाकानं सोता सांगितलंय, चाकाफुडं बसून, मी शेजारी बसलो व्हतो. म्हणला, "गड्या, मी एक वळण उतरलो, आन् म्होरं माझी आळी!" अर्धी चढण चढून गेल्याला माणूस, एका वळणात गावात कसा येईल? पण त्येच्या डोक्यात आलं न्हाई ते. त्येला दार दिसत व्हतं तेवढंच.

दार बंद व्हतं. कुलूप जागच्या जागी. बोराटीचं शिरं जागच्या जागी. त्येनं कुलूप वढून बघितलं. पक्कं. आन् आता माघारी फिरणार, तर आतनं आवाज आला. घर्रर्र… घर्रर्र… घर्रर्र…

चाक! त्येनं उतरवून ठेवल्यालं चाक आत फिरत व्हतं!

त्येनं दाराला कान लावला. चाक थांबलं. आन् आतनं कोण तरी बोललं. कुणाच्या आवाजात? केरबाच्याच! त्येचाच आवाज, त्येचंच हळू बोलणं.

"कोण हाय भाईर? घरात माणसं हाईत."

आरं देवा! केरबाकाका हे सांगत व्हता, आन् चाकावरची माती वाकडी झाली त्येची. म्हणला, "मला वाटलं, खरा केरबा आत हाय, आन् मी कोण तरी भाईर फिरणारा."

कसा पळाला, कुठनं पळाला, ठावं न्हाई त्येला. काकूच्या अंगावर जाऊन आदळला. काकूच्या हातातला कंदील पडला, काच फुटली, इझला. काळोख मिट्ट!

"अनशे, ह्यो चकवा हाय. आपल्याला चकवा लागलाय."

चकवा म्हणजे काय, पोरांनो? वाट चुकवणारं भूत. ते मारत न्हाई, धरत न्हाई. नुसतं फिरवतं. मनात शंका घालतं आन् फिरवतं. फिरून फिरून माणूस दमतो, मंग त्येला पाह्यजे तिकडं न्हेतं.

काकू म्हणली, "असू दे चकवा. खिंडीचा माथा आला. मागं वळून बघायचं न्हाई. कुणी काय बी म्हणू दे." नवऱ्याचा हात धरला तिनं आन् वढत चालली. काय बाई व्हती! अंधारात, ठेचकाळत, पण वळली न्हाई. मागनं धूर आला, जळक्या लाकडाचा वास आला, न्हाई वळली. आळीत बोंब उठल्यागत गलका आला. "केरबाच्या घराला आग, केरबाच्या घराला आग!" केरबा रडाय लागला, पण काकू न्हाई वळली.

आता चकव्याला बी कळलं, ही मागं वळत न्हाई. मंग त्यो काय करंल?

त्यो म्होरं गेला.

माथ्यावर पोचली दोघं, आन् म्होरं, वाटंच्या कडंला, उजेड दिसला. घर! पळसाच्या झाडाखाली एक घर. आन् ते कुणाचं? ह्येंचंच! तीच भित, तोच वटा, तीच सैल बिजागरी. दारातलं बोराटीचं शिरं वढून बाजूला टाकल्यालं. दार सताड उघडं. आत देवापुढं समई. जात्यावरचं फडकं सुदिक दिसत व्हतं. खिंडीच्या माथ्यावर, जितं शेळ्यांचा कोंडवाडा बी कधी न्हवता, तितं ह्येंचं घर!

केरबानं डोळं गच्च मिटलं. "बघू नको, अनशे. चल."

पण काकूचं पाऊल उचलंना.

कारण आतनं आवाज आला. "आई… आलीस व्हय गं?"

हौसा!

"आई, मी चालत आले गं. माह्यारी आले. लई दुखतंय. पाणी दे की."

संगे, तू दोन लेकरांची आई हाईस. तू सांग. आगीला जी बाई वळली न्हाई, ती ह्याला न वळती तर काय करती? काकूच्या डोक्यावरचं गठुडं पडलं. "आले, माझ्या बाय, आले!" आन् सुटली दाराकडं.

केरबानं झेप घातली. पदर आला हातात. पदर फाटला. मंग कंबरच धरली त्येनं. दोघं बी पडली. आन् तवा त्येला त्येच्या बापाचं बोलणं आठवलं. चकवा लागला तर चालायचं न्हाई. हाय तितं बसायचं. उजाडस्तवर बसायचं. त्यो बसल्या माणसाला काय करू शकत न्हाई.

बसायचं! आरं पण बसायचं म्हणजे काय? तिकडं कारंडवाडीत खरी लेक अडल्याली. उतार उतरला की गाव. आन् ह्येनं हितं बसायचं, उजाडस्तवर? पण चालावं तर वाट कुठली खरी, कुठली खोटी? आन् बायकू तर दारात शिरायला निघाल्याली. काय करंल माणूस? सांगा की. काय करंल?

त्येनं पटका सोडला. एक शेवट बायकूच्या कंबरंला, एक आपल्या कंबरंला, आन् मधी पळसाच्या खोडाला इळखा. गच्च गाठ मारली. आन् बसला.

काकू वरडली. बोचकारलं तिनं त्येला. मनगटाला चावली. त्यो वण मी बघितलाय, डाव्या मनगटावर, दातांची अर्धी गोल खूण. मरस्तवर गेला न्हाई.

"सोडा वं! माझी पोर हाय ती! पाणी मागतीया!"

"ती हौसा न्हवं, अनशे."

"आवाज माझ्या पोरीचा हाय!"

"आवाज हाय. पोर न्हाई."

आन् आतनं, "आई, बापूंना सांग की. तुला का बांधून घातलंय त्येंनी? आई, उठून ये की गं."

रातभर, बरं का. रातभर! घडीभर न्हवं. कळ आली की आतनं किंकाळी यायची. मंग गप. मंग बारीक आवाजात, "आई, पाणी." मंग पुन्यांदा किंकाळी. काकू पहिल्यांदा शिव्या देत व्हती, मंग पाया पडाय लागली नवऱ्याच्या, मंग नुसती वरडत व्हती, "हौसा, कळ दे गं, दम धर, तोंडानं श्वास घे, मी हाय हितं, मी हाय." तितं बसूनच लेकीला सांगत व्हती. त्या खोट्या घराकडं तोंड करून. केरबानं कान झाकून घेतलं व्हतं, पण हात काढून पुन्यांदा गाठ चाचपायचा. सुटली तर न्हाई ना. एवढंच काम त्येच्या हातात.

आन् मंग पहाटंच्या अंगाला बाळ रडलं.

काकू रडता रडता हसली. "झालं! सुटली माझी पोर!"

आन् त्येच्या मागनं लगीच, अगदी जवळनं, दारातनं आल्यागत आवाज आला. दुखरा न्हवता आता. शांत.

"आई, जाते गं."

आपण घरातनं निघताना कधी 'जाते' म्हणतो का? न्हाई म्हणत. 'येते' म्हणतो. काकूनं वढायचं सोडलं. पटक्याला लटकल्यागत बसून राह्यली. समई इझली. घर अंधारात गेलं.

कारंडवाडीकडं कोंबडा आरवला. तांबडं फुटलं. केरबानं डोळं उघडलं. घर न्हवतं. वटा न्हवता. म्होरं खाण व्हती. दगडाची जुनी खाण, माणूसच्या माणूस आत जाईल एवढी खोल, तळाला काळं पाणी. जितं उंबरा दिसत व्हता तितं कडा. काकूचं पाय त्या कड्यापासनं हातभर लांब. पटका तेवढाच पुरला व्हता.

वाचली. दोघं बी वाचली. एवढंच वाचलं.

गाठ सुटंना म्हणून केरबानं पटका दातानं तोडला. उतरणीवरनं पळत सुटली. कारंडवाडीत शिरली, तर दारात बायका बसल्याल्या.  वाट दिली फकस्त.

आत हौसाला भुईवर घेतलं व्हतं. मळवट भरल्याला. कोपऱ्यात सुईण, गंगूआई, तिच्या मांडीवर धडुत्यात गुंडाळल्यालं बाळ. पोरगी. जिती व्हती, चांगली हातपाय मारत व्हती.

अनशीकाकू खाली बसली. लेकीच्या तोंडावरनं हात फिरवला. मंग गंगूआईला इच्यारलं, "पाणी मागत व्हती का?"

"रातभर मागत व्हती बाय. बोळ्यानं व्हट वलं करत व्हते मी."

"काय बोलली?"

गंगूआईनं मान खाली घातली. "तुज्याशीच बोलत व्हती. आई आलीया, भाईर बसलीया, आत येत न्हाई, म्हणायची. आमाला वाटलं तापात बरळतीया. पण तू दम धर म्हणतीयास, असं बी म्हणाली एकदा. मंग जोरानं कळ दिली आन् बाळ आलं. आन् मंग 'आई, जाते गं' म्हणली."

आता काय समजायचं ह्येच्यातनं? मी आयुष्यभर इचार केला, माझं डोकं चालत न्हाई. घर खोटं व्हतं. खाण खरी व्हती. आन् आवाज? त्या भुतानं खऱ्या लेकीचा खरा आवाज खिंडीत आणून ठेवला व्हता. काकू आत गेली असती तर खाणीत. आन् बसली, तर ऐकत बसली. दोन्हीकडनं तिचंच नुकसान.

सव्वा म्हैन्यानं आली दोघं, बाळाला घेऊन, सडकंनं. मी किल्ली घेतली केरबाकडनं आन् कुलूप काढलं, कारण त्यो कुलपाला हात लावंना. आत गेलो. काय सांगू तुमाला! सगळं जसंच्या तसं. चुलीतली राख थापल्यागत. कणगीचं लिंपण तडकल्यालं न्हाई. माती गोणपाटाखाली. घागर काठोकाठ. समई तेल सरून आपसूक इझल्याली. एक उंदीर सुदिक शिरला न्हवता.

केरबाकाका उंबऱ्यावर बसला आन् वक्साबोक्शी रडला. म्हणला, "काय सुदिक झालं न्हाई रं घराला. काय सुदिक झालं न्हाई. मी दोन डाव कशापायी फिरलो?"

फिरला नसता तर येळंवर पोचला असता का? पोचून हौसा वाचली असती का? मला इच्यारायचा त्यो. दरसाल इच्यारायचा.  काकूनं मातुर त्या रातीचं एक अक्षर जलमात तोंडातनं काढलं न्हाई. नातीला वाढवलं, शिकवलं, लगीन लावून दिलं. कोण परगावाला निघालं की मातुर ती त्येच्या दारात जाऊन हुबी राह्यची. कुणी माघारी वळलं की हातानं ढकलायची पुढं. बोलायची न्हाई. नुसती ढकलायची.

तवा ऐका, माझ्या बाबांनो. दिसाचं खुशाल जा खिंडीतनं, शेळ्या न्या, सरपण आणा. पण दिवं लागल्यावर त्या वाटंला पाय ठेवायचा न्हाई. कुणाचा बी निरोप येऊ दे. एक दिवस माझा बी येईल. नाना शेवटच्या घटका मोजतोय, तुमची वाट बघतोय, असा येईल. तरी सडकंनं या. उजाडलं तर उजाडू दे. जमलं तर मी थांबंन. न्हाई जमलं, तर जाईन एकटा. राग न्हाई माझा. पण त्या रातीला खिंडीच्या माथ्यावर माझा आवाज ऐकू आला, आन् मी तुमच्या नावानं पाणी मागतोय असं वाटलं, तरी येऊ नका. मला तसंच मागू द्या.